महिलांवरील हिंसाचार, जगातले कायदे आणि नाशिकमधली वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नोव्हेंबर संपत आला की महाविद्यालयांतून, बचत गटांच्या बैठकांतून आणि ग्रामसभांतून आमच्याकडे प्रश्नांच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. काही प्रश्न परीक्षेच्या तयारीचे असतात, तर काही चिठ्ठ्यांवर नाव नसते आणि त्या पुन्हा पुन्हा घडी घातलेल्या असतात. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातील माहिती दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही. तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांना आत्ता या क्षणी धोका आहे त्यांनी हे वाचत बसू नये. 112 हा क्रमांक लावावा.

1. महिलांवरील हिंसाचार निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय दिवसासाठी 25 नोव्हेंबर हीच तारीख का, आणि त्या दिवशी सुरू होणारी मोहीम सोळाच दिवसांची का?

डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या राजवटीला विरोध करणाऱ्या पात्रिया, मिनर्वा आणि मारिया तेरेसा मिराबल या तीन बहिणी 25 नोव्हेंबर 1960 रोजी तुरुंगातील पतींना भेटून परतत होत्या. त्यांना वाटेत अडवून ठार मारण्यात आले आणि गाडी दरीत ढकलून अपघात झाल्याचा देखावा करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ लॅटिन अमेरिकेतील स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी 1981 मध्ये बोगोटा येथे हा दिवस निवडला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1999 मध्ये त्याला मान्यता दिली. सोळा दिवसांची मोहीम 1991 पासून चालते. ती 10 डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनाला संपते, कारण स्त्रीला झालेली मारहाण हा मानवी हक्कांचा भंग आहे हेच या मोहिमेला सांगायचे होते. आपल्याकडे याच दिवसांत 28 नोव्हेंबरला महात्मा फुले यांचा स्मृतिदिन आणि 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन येतो, त्यामुळे कार्यक्रमाला विषय शोधत परदेशी जाण्याची गरज खरे तर पडू नये.

2. मारहाण झालेली नाही. तरी त्याला हिंसाचार म्हणता येईल का?

येईल. संयुक्त राष्ट्रांच्या 1993 च्या जाहीरनाम्याने शारीरिक, लैंगिक आणि मानसिक इजा, तशी धमकी आणि स्वातंत्र्य हिरावणे हे सारे हिंसाचारात धरले, मग ते चारचौघांत घडो की घराच्या आत. भारताचा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 त्याही पुढे जाऊन आर्थिक छळाचे वेगळे नाव घेतो. पगाराचे एटीएम कार्ड काढून घेणे, स्त्रीधन परस्पर गहाण ठेवणे, घरखर्चाला पैसे न देणे, नोकरी सोडायला लावणे, रात्री घराबाहेर काढून कडी लावणे, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे, हे सर्व या कायद्यात बसते. अंगावर वळ नसल्यामुळे तक्रार कमकुवत ठरते असे अनेक जणींना वाटते. तो समज सोडून द्यावा.

3. जगात हे प्रमाण खरोखर किती आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील जवळपास दर तीन स्त्रियांपैकी एकीने आयुष्यात कधी तरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा जोडीदाराव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2023 या एका वर्षात सुमारे 51,100 स्त्रिया व मुली जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कोणाच्या हातून मारल्या गेल्या, म्हणजे दिवसाला सरासरी 140. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या, 18 ते 49 वयोगटातील 29.3 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. पोलिसांकडील तक्रारींचा आकडा यापेक्षा नेहमीच फार लहान असतो. म्हणून एखाद्या वर्षी तक्रारी वाढल्या म्हणजे हिंसाचार वाढलाच असे समजू नये. कदाचित त्या वर्षी तक्रार घेणारे माणूस बरे असेल.

4. संयुक्त राष्ट्रांचे करार आणि परिषदा यांचा सिन्नर किंवा येवल्यातल्या बाईला काय उपयोग?

हा प्रश्न बहुतेक वेळा उपरोधाने विचारला जातो, पण त्याचे उत्तर सरळ आहे. महिलांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे उच्चाटन करण्याचा करार 1979 मध्ये झाला आणि भारताने तो 1993 मध्ये स्वीकारला; स्वीकारताना वेगवेगळ्या समाजांच्या अंतर्गत बाबींत त्यांच्या संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही, अशी मेखही मारून ठेवली. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर (सरकारी महिला विकास कार्यक्रमातील गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर) 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये विशाखा निकाल दिला, तेव्हा देशात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी कायदा नव्हता आणि न्यायालयाने या कराराचाच आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतून 2013 चा कायदा आला, जो आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांना आणि निफाडच्या द्राक्षबागांनाही लागू आहे (प्रश्न 11 पाहावा).

वाट नेहमी जगाकडून इकडे आली असेही नाही. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवले, तेव्हा 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीवर झालेल्या बलात्काराची वेगळी तरतूद तेव्हापासूनची आहे.

5. इतर देशांनी केलेल्या कोणत्या गोष्टी खरोखर उपयोगी पडल्या?

ब्राझीलचे उदाहरण विस्ताराने सांगण्यासारखे आहे. मारिया दा पेन्हा यांच्यावर 1983 मध्ये पतीने झोपेत गोळी झाडली आणि त्या कमरेखाली कायमच्या अपंग झाल्या. खटला इतका रेंगाळला की आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने 2001 मध्ये ब्राझील सरकारलाच दिरंगाईबद्दल जबाबदार धरले, आणि 2006 मध्ये त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. व्यक्तीने केलेल्या मारहाणीसाठी सरकारला जाब विचारता येतो, हा यातला खरा धडा आहे. स्पेनने 2004 च्या कायद्याने या प्रकरणांसाठी वेगळ्या न्यायालयांची तरतूद केली. युरोपातील इस्तंबूल करार 2011 चा; ज्या शहराचे नाव त्याला मिळाले ते शहर ज्या देशात आहे तो तुर्कस्तान मात्र 2021 मध्ये त्यातून बाहेर पडला, यावरून कमावलेले हक्क परतही जाऊ शकतात हे दिसते. युगांडात कंपाला शहरातील वस्त्यांमध्ये शेजारी, दुकानदार आणि स्थानिक पुढारी यांच्याशी वर्षानुवर्षे बोलत राहण्याचा प्रयोग झाला आणि जोडीदाराकडून होणारी मारहाण तेथे घटल्याचे अभ्यासातून दिसले. एका दिवसाच्या फेरीने आणि फलकाने हे होत नाही.

महिला पोलीस ठाण्याचे श्रेय अनेकदा साओ पावलोला (1985) दिले जाते, पण कोळीकोड येथे असे ठाणे 1973 मध्येच सुरू झाले होते. या ठाण्यांचा एक तोटाही सांगितला पाहिजे : जवळच्या ठाण्यातला अंमलदार "तिकडे जा" म्हणून मोकळा होतो.

6. नाशिकमध्ये मदत हवी असेल तर आधी कुठे जायचे?

तातडीची वेळ असेल तर 112. सल्ला, निवारा किंवा पुढची दिशा हवी असेल तर महिला हेल्पलाइन 181. केंद्राच्या योजनेतून 2015 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत उघडलेल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि काही दिवसांचा तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळणे अपेक्षित आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यात पसरला आहे. तेथे पोलिसांच्या इमारतीत, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक 15100.

नाशिककरांची एक खास अडचण हद्दीची आहे. शहरासाठी पोलीस आयुक्तालय आणि उरलेल्या जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलीस अशी विभागणी असल्याने, माहेर पंचवटीत आणि सासर दिंडोरीत असलेल्या स्त्रीला दोन्हीकडून "आमच्या हद्दीत नाही" असे ऐकावे लागते. हे उत्तर कायद्याला धरून नाही. गुन्हा कोठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो, आणि छळामुळे माहेरी आलेली स्त्री माहेरच्या ठिकाणीही तक्रार करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. 2005 च्या कायद्याखालील अर्जही ती सध्या जेथे राहते तेथील न्यायालयात चालतो, मग तो मुक्काम तात्पुरता का असेना.

7. संरक्षण अधिकाऱ्याकडे गेल्यावर प्रत्यक्षात काय होते?

संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. ते स्त्रीकडून ऐकून कौटुंबिक घटनेचा अहवाल भरतात आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. अर्ज स्त्री स्वतः किंवा वकिलामार्फतही थेट न्यायालयात देऊ शकते. मागता येणाऱ्या गोष्टी अशा : त्रास देण्यास मनाई करणारा संरक्षण आदेश, घरात राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई. निकालापूर्वी अंतरिम आदेश मिळतो. प्रसंगी समोरची बाजू हजर नसतानाही. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. न्यायालयातला अनुभव याहून कितीतरी लांबीचा असतो, म्हणून अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी जोडावा.

त्या अहवालात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे रकाने असतात, आणि सर्व काही त्यात काय लिहिले जाते यावर ठरते. "नवरा नेहमी मारतो" या वाक्याचा न्यायालयात फारसा उपयोग होत नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री, धाकट्या मुलासमोर, पट्ट्याने मारले, डावा हात सुजला, सकाळी ग्रामीण रुग्णालयात गेले" हे वाक्य चालते. तारखा आठवत नसतील तर सण, गावची जत्रा, वणीचा चैत्रोत्सव, कांद्याची लागण यांवरून दिवस बसवता येतो. स्त्रीधनाची यादी तोळ्यांसह द्यावी. लग्नाच्या छायाचित्रात दागिने दिसत असतील तर तेही जोडावे. रुग्णालयात "पाय घसरून पडले" असे सांगू नये. केसपेपरवर तेच उतरते आणि दोन वर्षांनी समोरचा वकील तोच कागद तुमच्यापुढे धरतो.

दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी, शिक्का आणि तारखेसह.

8. पोलीस ठाण्यात "घरातले आहे, मिटवून घ्या" असे सांगतात. आम्ही काय करायचे?

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि आमचे मत येथे आडपडदा न ठेवता सांगतो. समेट हा एक मार्ग असू शकतो, परंतु तो स्त्रीने मागितला तरच, आणि ती सुरक्षित झाल्यावर. अंमलदाराच्या टेबलाशी नवरा, सासरा आणि गावचे दोन प्रतिष्ठित बसलेले असताना, "पुन्हा असे करणार नाही" एवढे लिहून घेऊन तिला त्याच गाडीत परत पाठवणे याला समेट म्हणता येत नाही. अशा कागदावर सही करण्यास तिने नकार दिला तर तो तिचा हट्ट नाही.

पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खालील गुन्हा आहे (त्यापूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 498अ) आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैवाहिक वादात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटले आहे, आणि ठाण्यात त्याचाच हवाला दिला जातो. पण ती चौकशी दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढे पाहण्यापुरती असते. बाईला नांदायला पाठवण्यासाठी नसते. तक्रार घेतलीच नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवावी, पावती जपावी आणि तरीही हालचाल न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. प्रश्न 7 मधला मार्ग यावर अवलंबून नाही. गुन्हा न नोंदवताही संरक्षण आदेश मागता येतो.

9. घर सासूच्या नावावर आहे. सुनेला बाहेर काढता येते का?

केवळ त्या कारणासाठी नाही. सामायिक घर पतीच्याच मालकीचे असले पाहिजे असे नाही, सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरातही सुनेचा राहण्याचा हक्क असू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला आणि त्याआधीचे उलट मत बाजूला सारले. मात्र हा हक्क मालकीचा नव्हे, आणि तो अमर्यादही नाही. वृद्ध सासू-सासरे स्वतः त्रस्त असतील तर न्यायालय दोन्ही बाजू तोलते आणि सुनेसाठी तशाच दर्जाच्या दुसऱ्या घराची सोय करण्याचा आदेश देऊ शकते. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा सुनेला बाहेर काढण्याचे हत्यार म्हणून वापरता येणार नाही, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. सासू किंवा नणंद यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो. अर्ज फक्त "प्रौढ पुरुषा"विरुद्धच करता येईल हे 2005 च्या कायद्यातील बंधन सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये काढून टाकले.

10. आमचे लग्न झालेले नाही. किंवा घटस्फोट झाला आहे. तरी 2005 चा कायदा लागू होतो का?

विवाहासारख्या संबंधात एकत्र राहिलेल्या स्त्रीला तो लागू होतो. किती काळ राहिले, घर एकत्र चालवले का, समाजात कसे वावरले हे न्यायालय पाहते. घटस्फोटापूर्वी झालेल्या हिंसेसाठी घटस्फोटानंतरही दाद मागता येते. आई, बहीण, मुलगी, विधवा सून यांनाही संरक्षण आहे आणि धर्माची अट नाही.

11. मी पेठ तालुक्यातून द्राक्षबागेत मजुरीला येते. मुकादम त्रास देतो. तेथे ना ऑफिस, ना कमिटी. मग?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा फक्त ऑफिसांसाठी आहे हा गैरसमज बागायतदारांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वत्र आहे. असंघटित क्षेत्रातील कामाची जागा त्यात स्पष्टपणे येते, आणि मालकाने पुरवलेले वाहनही येते. म्हणजे पहाटे सुरगाणा-पेठकडून छाटणीच्या आणि विरळणीच्या कामाला बायकांना भरून आणणाऱ्या पिकअप जीपमध्ये कोणी अंगचटीला आला, तरी तो कामाच्या ठिकाणचाच छळ आहे. दहा किंवा अधिक कामगार असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तालुक्याला तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी नेमलेला असणे आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवणे बंधनकारक आहे. तहसील कार्यालयात जाऊन त्याचे नाव विचारावे. नाव सांगता आले नाही तर तेच लेखी विचारावे.

तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे आणि योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने वाढवता येते. येथेच हंगामी मजुरांचा घात होतो : बाग उरकते, टोळी गावी परतते, उचल फिटलेली नसते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यायचे असते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्याची जबाबदारी समितीची आहे. आदिवासी स्त्रीवर बिगर-आदिवासी व्यक्तीने असा अत्याचार केल्यास 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो, ही बाब पोलिसांना तक्रार देतानाच सांगावी. काम आणि हिंसाचार यांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2019 चा 190 क्रमांकाचा करार आहे. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही.

12. जातपंचायतीने दंड लावला आहे आणि वाळीत टाकण्याची धमकी दिली आहे. हा हिंसाचार धरतात का?

धरतात, आणि याविरुद्धच्या लढ्यात नाशिकचा वाटा आहे. 2013 मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा तिच्या वडिलांनीच खून केला. त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघडकीस आल्यावर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम येथूनच उभी केली. त्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा 2016 मध्ये संमत होऊन 2017 मध्ये लागू झाला; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचांनी दंडाची पावती दिली असेल तर ती फाडून टाकू नये, तोच पुरावा आहे.

13. नवऱ्याने जबरदस्ती केली तर तो बलात्कार ठरतो का?

पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर ठरतो. हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले आणि नव्या संहितेतही तेच आहे. अठरा वर्षांवरील पत्नीबाबत मात्र पतीला सूट देणारा कायद्यातील अपवाद कायम आहे. इंग्लंडमध्ये न्यायालयाने तो 1991 मध्ये संपवला, आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे 2022 मध्ये यावर एकमत झाले नाही. हा अपवाद आहे तोवर अशा स्त्रीसाठी 2005 चा कायदा आणि कलम 85 (प्रश्न 7 व 8) हेच मार्ग खुले आहेत.

14. शेजारच्या घरातून रोज आवाज येतात. मी मध्ये पडावे का?

हिंसाचार झाला किंवा होत आहे असे वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. नवऱ्यासमोर तिला प्रश्न विचारू नयेत. त्याचा हिशेब रात्री तिच्याकडून वसूल होतो. ती पाण्याला, दळणाला किंवा अंगणवाडीत एकटी भेटेल तेव्हा क्रमांक द्यावा आणि तिची कागदपत्रे व चार कपडे ठेवण्यापुरती जागा आपल्या घरी देता येते का ते पाहावे.

15. खोट्या तक्रारी होतात त्याचे काय? आणि पुरुषांनी कुठे जायचे?

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत कारणे न नोंदवता सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बजावले आहे, आणि खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. 2005 चा कायदा पुरुषाला अर्जदार मानत नाही. मारहाण, धमकी, खंडणी यांची सर्वसाधारण कलमे त्याला उपलब्ध आहेत. तक्रार मागे घेतली गेली किंवा आरोपी सुटला म्हणजे ती खोटीच होती असे मात्र ठरत नाही; प्रश्न 8 मधला प्रसंग पुन्हा वाचावा.

16. न्यायालयाचा आदेश हातात आहे, तरी तो दारात येऊन शिवीगाळ करतो. आदेशाला अर्थ काय?

संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे; एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि केवळ स्त्रीच्या साक्षीवरही न्यायालय तो सिद्ध मानू शकते. आदेशाची प्रत न्यायालयाकडून मोफत मिळते आणि ती हद्दीतील पोलीस ठाण्यालाही जायची असते. गेली की नाही हे स्वतः ठाण्यात विचारून घ्यावे, कारण 112 वरून आलेल्या शिपायाला त्या रात्री आदेश माहीत नसतो. एक प्रत घरात, एक माहेरी आणि एक मोबाईलमध्ये ठेवावी. आदेश देशभर लागू असतो. त्यामुळे कामानिमित्त मुंबईला किंवा सुरतेला गेलात तरी नवा अर्ज करावा लागत नाही. तेथील ठाण्यात हीच प्रत दाखवावी.